घरीच असते

माणसं मोजायचा हुकूम आणि भेंडीचा पहिला तोडा एकाच आठवड्यात आमच्या घरी आले. हुकूम माझ्या नावानं होता, कारण मी शाळेत मास्तरीण. भेंडी कुणाच्याच नावानं नव्हती, म्हणून ती माझ्या धाकट्या जावेच्या वाट्याला गेली.

भेंडीइतकं हट्टी पीक दुसरं नाही. दिवसाआड तोडावीच लागते. एक दिवस चुकला की ती जून होते, आणि शहरातला व्यापारी दोन बोटांनी टोक मोडून बघतो. टोक कट्‌कन मोडलं तर ठीक, नुसतं वाकलं तर अख्खा क्रेट परत. पानांवरची बारीक लव हाताला लागली की खाज सुटते ती दुपारपर्यंत थांबत नाही. आम्ही दोघी नवऱ्यांचे जुने फुलशर्ट अंगात चढवायचो, हातांत पायमोजे घालायचो आणि पहाटे सरींत शिरायचो. मी शाळेच्या वेळेपर्यंत तोडायचे, ती संपेपर्यंत. मजूर मिळायची सोयच नव्हती. गावातले धड हातपाय असलेले सगळे शहराकडे गेले होते. माझा दीरही तिकडेच, कुठल्याशा गोदामाची गाडी चालवायचा, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. माझा मुलगा तिकडे वसतिगृहात. घरात उरलो सासूबाई, आम्ही दोघं नवराबायको, धाकटी आणि तिची आठ वर्षांची लेक.

"वीस दिवसांचं काम आहे," मी तिला म्हणाले. "रोज चाळीस घरं. तोड्याला मला जमायचं नाही."

"तुम्ही माणसं मोजा, ताई," ती म्हणाली. "मी भेंड्या मोजते. त्या निदान जागेवर तरी असतात."

चेष्टेतच म्हणाली. तेव्हा आमच्यात चेष्टा चालायची.

माझ्या गटात अर्धं गाव होतं आणि रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या खोल्या. गावात दारं जास्त आणि माणसं कमी, खोल्यांत नेमकं उलटं. गावातल्या एका आळीत ओळीनं सात कुलपं लागली. आठव्या घरात एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, "बाई, मला दोनदा मोजा, आळीची अब्रू तरी राहील." रस्ता ओलांडला की एका खोलीत अकरा जण. त्यातले सहा कारखान्यात आणि पाच झोपलेले. झोपलेल्यांना हलवून नावं विचारायची, आणि जे कामावर होते त्यांची नावं उशाच्या पिशव्यांवरून कळायची. माणसं हलली होती एवढंच. कुठून कुठं ते माझ्या पायांना चांगलं कळत होतं.

पहिल्या दोन दिवसांत मी हातचं राखून काम करायला शिकले. पुस्तिकेत लिहिलं होतं की प्रत्येक बाईला तिच्या कामाबद्दल वेगळं विचारा, पुन्हा विचारा, शेतात जाते का, जनावरांचं करते का, वर्षातले किती महिने. एवढं विचारत बसलं तर दिवसाला चाळीस काय, पंधरा घरंही होत नाहीत. मग मी एकदाच विचारायचे, आणि उत्तर बहुतेक नवरा द्यायचा.

एका दारात बाई डोक्यावर ओल्या चाऱ्याचा भारा घेऊन उभी होती. मान लटलटत होती.

"या काय करतात?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं. तो उंबऱ्यात बसून नखं काढत होता.

"ही? काही नाही. घरीच असते."

भाऱ्याखालून बाई हसली. "आम्ही काय करणार बाई. तुमच्यासारखं शिकलो असतो तर केलं असतं काहीतरी."

मी 'घरकाम' लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळले. तिनं भारा उतरवेपर्यंतही थांबले नाही. अशा किती जणींना मी घरी बसवलं याची मला तेव्हा काही खंत नव्हती, उलट रकाना भराभर भरतोय याचं बरं वाटत होतं.

सातव्या दिवशी आमचे पर्यवेक्षक साहेब फॉर्म तपासायला गावात आले. दुपारची वेळ, ऊन नुसतं भाजत होतं, म्हणून त्यांना घरीच घेऊन आले. साहेब खुशीत होते. "या खेपेला शहर जिल्ह्याला गिळणार बघा," ते म्हणाले. "निम्म्याहून जास्त माणूस शहरात निघणार. तुमच्या गावासारखी गावं नुसती पत्त्यापुरती राहतील." माझे फॉर्म स्वच्छ होते, म्हणून त्यांनी शाबासकी दिली.

धाकटी नुकतीच शेतातून आली होती. चौदा क्रेट एकटीनं तोडून, निवडून, टेम्पोत चढवून आली होती. शर्ट काढून तिनं तोंडावर पाणी मारलं आणि आमच्यासाठी चहा टाकला. कप ठेवताना तिचे हात मला दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे, बोटांच्या बेचक्यांत रक्त साकळलेलं.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी जाऊ."

"त्या काय करतात?"

"काही नाही," मी म्हणाले. "घरीच असते."

माझ्या तोंडातून ते आपसूक निघालं. सात दिवस तेच लिहीत होते, जीभ त्या वळणावर पडली होती. धाकटीनं दुसरा कप ठेवला, थोडा चहा बशीत सांडला, आणि ती आत गेली. मी साहेबांशी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून फोडणीचा वास आला. जाऊन बघते तर तिनं माहेरून आणलेली एका बर्नरची शेगडी माळ्यावरून काढून पेटवली होती. चार भांडी वेगळी मांडली होती. लेक शेजारी बसून जेवत होती.

"हे काय?"

"आमचं आम्ही करू, बाई," ती म्हणाली.

ताई नाही, बाई. शाळेतली पोरं म्हणतात तसं.

"अगं, मी साहेबांना पटकन काहीतरी सांगायचं म्हणून—"

"खरंच सांगितलंत. मी घरीच असते." तिनं आच कमी केली. "आणि तेही फार दिवस नाही. ह्यांचा फोन आला होता. शहरात खोली बघितलीय. महिनाअखेर या म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला आता कारण उरलं नाही."

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते आधी हसले. ह्यांची सवयच आहे, संकट आलं की आधी हसून घ्यायचं. "बरं झालं, आता दोन घरचं जेवण," म्हणाले. मग संध्याकाळी मोटर बंद करून आले तेव्हा गप्प होते. ती गेली तर दीड एकर भेंडी कोण तोडणार, हा हिशेब त्यांच्याही डोक्यात उशिरा का होईना शिरला होता. पण मला नुसत्या भेंडीचं नव्हतं. बारा वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींच्या पाठीला तेल चोळलं होतं. ती गेली की या घरात मला 'अहो ताई, जरा थांबा' म्हणणारं कुणी राहणार नव्हतं. आणि ती माझ्यामुळं जाणार होती.

सासूबाईंनी भांडण केलं नाही, रडल्या नाहीत. त्यांनी सकाळचं धाकटीच्या शेगडीवर जेवायला सुरुवात केली आणि रात्रीचं माझ्याकडे. वाटी घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायच्या. "मला दोन्हीकडचं पचतं," एवढंच म्हणायच्या.

रविवारी मोजणीला सुट्टी होती. मी पहाटे शर्ट चढवला आणि न बोलावता सरीत उतरले. धाकटी तिसऱ्या सरीत होती. तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा खाली वाकली. चार तास आम्ही समोरासमोरच्या सरींत वाकून होतो, मधे फक्त पानांची खसखस आणि बादलीत पडणाऱ्या भेंड्यांचा आवाज. इतक्या दिवसांच्या खंडानंतर माझी कंबर धरली, बोटं सुजली. तिच्या दोन बादल्या व्हायच्या तेव्हा माझी एक. एकदा तिनं माझ्या बादलीतून मूठभर जून भेंड्या वेचून बांधावर फेकल्या.

"डोळे फॉर्मवर ठेवून भेंडी कळत नाही," ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं.

मोजणीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा एकच घर राहिलं होतं, आमचं. मी ते मुद्दामच मागे ठेवलं होतं. संध्याकाळी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. पाच माणसांच्या घरात मी पिशवी, पुस्तिका, शाईचं पेन घेऊन बसले, आणि मला माझीच लाज वाटली.

पहिलाच प्रश्न नडला. घरात कुटुंबं किती? पुस्तिकेप्रमाणे एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.

"एक," सासूबाई म्हणाल्या. "लिही एक."

"दोन," धाकटी म्हणाली.

ह्यांनी छताकडे बघितलं. "अगं, कागदच तर आहे. टाक एक आणि मोकळी हो."

तसं करता आलं असतं. कुणी येऊन आमच्या शेगड्या मोजणार नव्हतं. पण त्या वीस दिवसांत मी पाचशेवर चुली लिहिल्या होत्या, आणि त्यात बाईचं बोलणं ऐकून काही लिहिल्याचं मला एकही घर आठवेना.

"दोन," मी लिहिलं. सासूबाईंनी डोळे मिटले.

पहिल्या कुटुंबात हे आणि मी. मग मी दुसरा कागद घेतला.

"कुटुंबप्रमुख?"

"त्याचं नाव लिही की, धाकट्याचं," आमचे हे म्हणाले.

"भावजी तिकडे राहतात. त्यांना तिकडे मोजलं असणार. जो इथं राहतो त्याचंच नाव लागतं."

मग धाकटीनं स्वतःचं नाव सांगितलं. बारा वर्षांत मी तिला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. अक्षरं नीट विचारून घेतली आणि लिहिलं. खाली तिच्या लेकीचं.

"आणि आई, तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही दोन्हीकडे जेवता. पण माणूस एकदाच लिहायचा. कुणाच्या कागदावर लिहू?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता असं अजूनही वाटतं. सासूबाईंनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, थोरला लेक म्हणून. मग माझ्याकडे. मी शिकलेली सून. लोकांत माझं कौतुक सांगताना त्या थकत नसत. मला खात्री होती.

"हिच्यात लिही," त्या म्हणाल्या आणि धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही दोघं आहात एकमेकांना. हिच्या घरात मोठं माणूस नको का?"

मी मान खाली घालून लिहिलं. नाव, वय, प्रमुखाशी नातं: सासू. पन्नास वर्षं त्या या घरात कुणाची बायको नाहीतर कुणाची आई म्हणून लिहिल्या गेल्या असतील. सुनेची सासू म्हणून बहुधा पहिल्यांदाच.

मग कामाचा रकाना आला. मी धाकटीकडे बघितलं.

"तू काय करतेस?"

"काही नाही," ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. "घरीच असते."

मी पुस्तिका उघडली. बायकांच्या कामाचं ते पान कोरं करकरीत होतं, एकदाही बोट न लागलेलं.

"शेतात जातेस?"

"जाते कधीतरी."

"वर्षातले किती महिने?"

"मोजायला मी काय मास्तरीण आहे?"

"मी सांगते," सासूबाई मधेच म्हणाल्या. त्या एकेक बोट दुमडत कामं मोजत गेल्या. नांगरट झाली की ढेकळं फोडायला ही. लावणीला ही. खुरपणी तीनदा, तीनही वेळा ही. रात्री पाण्याची पाळी आली की बारं मोडायला, एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला ही, कारण थोरल्याला झोप आवरत नाही. तोडणी तर बघतेसच. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्यांनी नातीचा हात ओढून घेतला आणि तिच्या बोटांवर पुढं मोजलं. त्या कामांचे महिने मी लावले, ते दहा झाले. आमचे हे पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसले होते. त्यांच्या नावापुढं 'शेतकरी' लिहिताना मी त्यांना एक अक्षर विचारलं नव्हतं.

मी धाकटीच्या रकान्यात 'शेतकरी' लिहिलं. मुख्य काम, सहा महिन्यांहून जास्त.

तिनं कागद ओढून वाचला. दोनदा वाचला. "आणि बाकीच्या बायकांचं काय लिहिलंत?" तिनं विचारलं.

मी पेनाचं टोपण लावलं.

"सगळ्या घरीच?"

"बहुतेक."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे गाव पुरुषांनीच पिकवलं म्हणायचं," ती म्हणाली आणि लेकीला घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन करून चार दिवस मागितले. फेरतपासणीसाठी मिळतात तेच, पण त्यांत बायकांचं काम विचारायला गावातली शेतीवाली घरं पुन्हा फिरायची म्हटल्यावर ते चिडले. "बाई, तुमचा गट सगळ्यात आधी पूर्ण झालाय. डोकं फिरलंय का?" मी म्हणाले, चूक माझी आहे, खोडीन तिथं सही करीन. मग धाकटीकडे गेले. कारण पुन्हा चार दिवस भेंडी तिच्याच गळ्यात पडणार होती, आणि या वेळी मला ते न विचारता करायचं नव्हतं.

तिनं हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, "उजाडायच्या आत दोन सरी तोडून जायचं. जून ठेवायच्या नाहीत."

तसं केलं. हात खाजवत, शर्ट पिशवीत कोंबून मी दारोदार गेले. भारेवालीच्या दारात नवऱ्याला म्हटलं, तुम्ही थांबा, मला यांच्याशी बोलायचंय. ती घाबरली. मी दोन म्हशी कोण धुतं, चारा कोण कापतं, दूध कोण काढतं, असं एकेक विचारत गेले. शेवटी ती म्हणाली, "बाई, असं विचारल्यावर लई होतं हो. आपल्यालाच माहीत नव्हतं." माझे चट्टे बघून तिनं घरातून खोबरेल आणून माझ्या हातावर ओतलं. एका घरात नवरा अंगावर आला, "बायकोला कामाला लावली म्हणून लोक हसतील आम्हाला." मी तरीही लिहिलं. माझे स्वच्छ फॉर्म खाडाखोडीनं भरून गेले. सह्या करून करून बोटं दुखली, आणि साहेबांनी गठ्ठा घेताना शाबासकी दिली नाही.

महिनाअखेरीला दीर आला. गोदामाची रिकामी गाडीच घेऊन आला होता, सामान नेता यावं म्हणून. चहा पिऊन लगेच म्हणाला, "आवर. खोलीची किल्ली आणलीय. संध्याकाळपर्यंत पोचू."

धाकटी भेंडी निवडत बसली होती. मोठ्या एका ढिगात, कोवळ्या दुसऱ्यात. तिचे हात थांबले नाहीत.

"तिकडे मी काय करू?" तिनं विचारलं.

"काय करायचंय? आराम. मी कमावतो ना? घरीच राहायचं."

"तेच म्हणते मी." तिनं एक भेंडी मोडून बघितली. "इथं सगळं करून लोक म्हणायचे घरीच असते. तिकडे मी खरंच घरीच असेन. दहा बाय दहाच्या खोलीत. कुणी विचारलं तर सांगायला दुसरं काही राहणार नाही मला."

"कोण विचारतंय तुला?"

"येतात विचारायला," ती म्हणाली. "मी येत नाही. हंगाम आहे. पुढंही येईन असं वाटत नाही."

दीर खुळ्यासारखा बघत राहिला. वाईट माणूस नाही तो. खोलीला त्यानं रंगही लावून घेतला होता. एकटं राहून राहून वाळला होता, आणि ते मला दिसत होतं. "असं कसं? घरातला निर्णय कोण घेणार?" तो म्हणाला.

"कुटुंबप्रमुख मी आहे."

"काय?"

"वहिनींना विचारा. तुमचं नाव या घरात नाही."

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, असं लिहिलंय?"

"हो."

"खोडता येत नाही?"

"येतं. पण खोडणाऱ्याला सही करावी लागते," मी म्हणाले. "मी करणार नाही."

मग तो आईकडे गेला. सासूबाई दारात उन्हाला पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तो उकिडवा बसला आणि लहानपणी बसत असेल तसा त्यांचा पाय धरला. "आई, तू तरी सांग तिला. तू मोठी आहेस घरात."

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी कसं सांगू बाळा," त्या म्हणाल्या. "मीच तिच्या घरात राहते."